ओव्हन तापायला इतका वेळ का लावतोय?

बारा-तेरा मिनिटांत १८० अंशांवर पोचणारा आमचा ओव्हन हळूहळू पंचवीस मिनिटं घेऊ लागला. दिवा लागत होता, पंखा फिरत होता, वरची कॉइल लालबुंद होत होती. दिसायला सगळं ठीक, त्यामुळे 'जुना झाला असेल' म्हणून मी महिनाभर तसंच चालवून घेतलं. शेवटी एकदा ओव्हन पूर्ण थंड असताना प्लग काढला आणि टॉर्च घेऊन आत वाकून बघितलं. खालच्या कॉइलच्या मागच्या वळणावर टाचणीच्या डोक्याएवढा फोड आला होता आणि त्या फोडावर केसासारखी बारीक चीर होती. ती कॉइल केव्हाच मेली होती. इतके दिवस ओव्हन एकट्या वरच्या कॉइलवर ओढत होता.

तेव्हापासून मी हे मनापासून सांगत आलो आहे: ओव्हन वयामुळे सरसकट मंद होत नाही. त्यातला एखादा भाग काम सोडतो, आणि बाकीचे भाग त्याचं ओझं उचलत राहतात म्हणून आपल्याला तो नुसता 'मंद' वाटतो. तो भाग कोणता, हे बहुतेक वेळा एक थर्मामीटर, एक कागद आणि अर्धा तास एवढ्यावर कळतं.

एक खुलासा आधीच करतो. हे सगळं विजेच्या कॉइलवर किंवा गॅसवर तापणाऱ्या ओव्हनबद्दल आहे. मायक्रोवेव्ह हे वेगळं यंत्र आहे. त्याच्या आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार धरून ठेवू शकतो, म्हणून त्याचं कव्हर घरी कधीही उघडू नका.

हौदाचं गणित

शाळेतलं ते उदाहरण आठवतं का? एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो. दोन्ही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? ओव्हन म्हणजे तोच हौद. कॉइल किंवा बर्नर हा भरणारा नळ. भिंती, काच आणि दाराच्या फटी हा रिकामा करणारा. आणि दुसरा नळ ओव्हन जितका तापेल तितका मोठा होत जातो, कारण आतलं आणि बाहेरचं तापमान यांत फरक वाढला की गळतीही वाढते.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. ओव्हन २००० वॅटचा आहे आणि १८० अंश सेल्सिअसला त्यातून ५०० वॅट बाहेर जातात असं धरा. म्हणजे त्या टप्प्यावर तापमान वाढवायला १५०० वॅट उरतात. आता १००० वॅटच्या दोन कॉइलपैकी एक गेली. येतात १०००, जातात तेच ५००, उरतात ५००. नळ निम्मा झाला, पण हौद भरण्याचा वेग निम्मा झाला नाही, एक तृतीयांश झाला. २५० अंशांना गळती ८०० वॅटवर गेली, तर हाताशी जेमतेम २०० वॅट राहतात आणि ओव्हन तिथेच घुटमळतो. 'कमी तापमानाला चालतो, पण मोठं तापमान गाठतच नाही' ही तक्रार इथून येते. ती ऐकली की बिघाड कॉइलमध्ये असावा असंच माझ्या मनात आधी येतं.

दुसरी गोष्ट, ओव्हन नेमकं काय तापवतो? आपल्याला वाटतं, आतली हवा. साठ लिटरच्या ओव्हनमधली हवा जेमतेम ७० ग्रॅम भरते. ती २५ वरून १८० अंशांवर न्यायला सुमारे ११ किलोजूल लागतात, म्हणजे २००० वॅटला सहा सेकंदांचं काम. खरा वेळ जातो तो धातू तापवण्यात. आतली पेटी, जाळ्या आणि ट्रे मिळून दहा किलो पोलाद धरलं तर ७७५ किलोजूल होतात. त्याला साडेसहा मिनिटं लागतात, तीही गळती शून्य धरून. म्हणून आत ठेवून दिलेले जास्तीचे ट्रे, जाड लोखंडी तवा, भाजायचा दगड यांतली प्रत्येक वस्तू मिनिटं खाते. पाच किलोचा दगड एकटाच पाचेक मिनिटं वाढवतो. ओव्हनचा उपयोग भांडी ठेवायच्या कपाटासारखा होत असेल, तर पहिला उपाय तो रिकामा करणं हाच.

ओव्हनच्या तळावर ॲल्युमिनियम फॉइल अंथरायची सवयही सोडा. तळाखाली कॉइल असली तर फॉइलमुळे उष्णता अडते, आणि आतल्या एनॅमलला ती चिकटून बसू शकते.

कागद, घड्याळ आणि एक प्रश्न

'हळू तापतो' या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या न करताच आपण सुटे भाग बदलायला लागतो. त्या वेगळ्या करायला ओव्हनमध्ये ठेवायचं साधं थर्मामीटर पुरतं. ओव्हन पूर्ण थंड असू द्या. थर्मामीटर मधल्या जाळीवर, मध्यभागी, काचेतून वाचता येईल असं ठेवा. वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवणारा नेहमीचा मोड निवडा, १८० अंश लावा आणि दर दोन मिनिटांनी आकडा लिहून घ्या. अर्धा तास दार उघडायचं नाही. काचेतून दिसत नसेल तर टॉर्च मारा.

आकड्यांसोबत आणखी एक गोष्ट लिहा: तापमानाचा दिवा चालू आहे की विझला. बऱ्याच ओव्हनांवर हा छोटा दिवा कॉइल चालू असेपर्यंत लागलेला असतो आणि तापमान गाठलं की विझतो. काही ओव्हनांवर दोन दिवे असतात, त्यातला एक नुसता 'वीज आहे' एवढंच सांगतो, तो नको. डिजिटल ओव्हनमध्ये थर्मामीटरचं चित्र किंवा चढत जाणाऱ्या पट्ट्या बघा. कान दिलात तर आतला रिले, म्हणजे कॉइलची वीज चालू-बंद करणारा स्विच, 'टक्' वाजलेलाही ऐकू येतो.

अर्ध्या तासाने कागद बघा. दिवा सतत चालू राहिला आणि आकडा तरीही रेंगाळत चढला, तर ओव्हन मनापासून प्रयत्न करतोय पण त्याच्याकडे उष्णता कमी आहे किंवा ती गळते आहे. दिवा मध्येच विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला आणि थर्मामीटर मात्र १४०-१५० वरच घोटाळत राहिलं, तर उष्णता भरपूर आहे. ओव्हनला चुकून वाटतंय की आपण पोचलो, म्हणजे दोष तापमान ओळखणाऱ्या सेन्सरचा किंवा ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचा. आणि तिसरी शक्यता: आकडा पंधरा मिनिटांत १८० ला पोचला आणि मग त्याच्या आसपास दहा-पंधरा अंश वर-खाली होत राहिला. तसं असेल तर ओव्हन निरोगी आहे. हे वर-खाली होणं त्याचा स्वभाव आहे, एका आकड्यावर तो कधीच चिकटून बसत नाही.

या तिसऱ्या प्रकारात बहुधा सेटिंगचा घोळ असतो. 'इको' मोड मुद्दाम कमी वीज घेऊन सावकाश तापतो. काही ओव्हनांत जलद तापवण्याचा वेगळा मोड असतो आणि तो न लावल्यास एकच कॉइल काम करते. काहींच्या मेनूत ओव्हनने जास्तीत जास्त किती वीज ओढावी याची मर्यादा असते आणि बसवताना ती खालच्या पायरीवर ठेवलेली राहून जाते. माहितीपुस्तिकेची ती दोन पानं वाचली तर दुरुस्तीचा खर्च वाचतो. आणि शिट्टी वाजली म्हणजे ओव्हन तयार झाला असं धरू नका. अनेक ओव्हन सेन्सरजवळची हवा तापली की लगेच सूचना देतात, तेव्हा भिंती अजून थंडच असतात. त्या क्षणी दार उघडलं की गरम हवा निघून जाते आणि आकडा धाडकन खाली येतो. शिट्टीनंतर आणखी दहा मिनिटं द्या.

दिवा विझतच नाही, तेव्हा

आता पहिल्या प्रकाराकडे येतो, कारण तोच सगळ्यात जास्त आढळतो. विजेच्या ओव्हनमधली कॉइल, जिला सुट्या भागांच्या दुकानात एलिमेंट म्हणतात, ती नुसती लोखंडी सळई नसते. आत निक्रोमची बारीक गुंडाळलेली तार, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पूड आणि बाहेरून धातूची नळी. निक्रोम हा निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. अमेरिकेच्या अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली त्याचं पेटंट मिळालं, आणि टिकाऊ घरगुती टोस्टर, हीटर, ओव्हन शक्य झाले ते त्यानंतर. तापल्यावर या तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तिला जळण्यापासून वाचवतो. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन कुठेतरी तार पातळ होते आणि एके दिवशी तुटते. तुटली की वीज वाहायची थांबते. त्यामुळे एखादी कॉइल 'अर्धीच' तापते असं सहसा होत नाही, ती चालू असते किंवा बंद. अर्धा होतो तो ओव्हन, कारण दोनपैकी एक गेलेली असते.

कोणती गेली ते शोधायला पुन्हा थर्मामीटरच वापरा. थंड ओव्हन, फक्त खालची कॉइल चालू करणारा मोड, दहा मिनिटं. मग ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या आणि फक्त वरच्या कॉइलवर दहा मिनिटं. ज्या मोडमध्ये काटा जागचा हलत नाही, ती कॉइल मेलेली. मागे पंख्याभोवती गोल कॉइल असेल तर तिचीही अशीच परीक्षा घ्या, आणि त्या वेळी पंखा फिरतोय का तेही बघा. पंखा अडकला तर ती कॉइल जास्त तापते आणि सुरक्षेचा कटआउट तिला बंद पाडतो. रोजच्या वापरातली खूणही सांगतो: पदार्थ वरून करपतो आणि खालून कच्चा राहतो, तेव्हा खालची कॉइल बघा. उलट झालं तर वरची.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर शंका उरत नाही. ओव्हनचा प्लग काढा, कॉइलच्या एका टोकाची तार सोडवा आणि कॉइलचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॅटच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम येतो, १००० वॅटच्या कॉइलचा ५३. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. कॉइलचं टोक आणि तिची बाहेरची नळी यांच्यातही मोजा. तिथे काहीही वाचन आलं तर वीज ओव्हनच्या अंगात उतरते आहे, तो ओव्हन वापरणं ताबडतोब थांबवा.

कॉइल बदलणं अवघड नाही, पण एका ठिकाणी बरेच जण फसतात. दोन स्क्रू काढून कॉइल पुढे ओढली की तिच्यामागच्या तारा थोड्याशा बाहेर येतात. त्या सुटल्या की सरळ मागे भोकात सरकतात, आणि मग अख्खा ओव्हन ओट्यातून बाहेर काढून पाठ उघडावी लागते. कॉइल सोडवण्याआधी प्रत्येक तारेला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवा. नवी कॉइल मॉडेल नंबर बघूनच घ्या. तो दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेला असतो. 'जास्त वॅटची घातली तर लवकर तापेल' हा मोह टाळा. आतली वायर आणि रिले तेवढ्या विजेसाठी बनवलेले नसतात. ओव्हन प्लगऐवजी थेट भिंतीतल्या वायरला जोडलेला असेल, तर हे काम इलेक्ट्रिशियनचं.

कॉइल सगळ्या शाबूत निघाल्या, तर वीज किती येते ते बघावं लागतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून थोडी घट महागात पडते. २३० चे २०० व्होल्ट झाले, तर घट वाटते तेरा टक्क्यांची, पण २००० वॅटचा ओव्हन १५०० वॅटचा होतो. १९० व्होल्टला तो १३६५ वॅटवर येतो. ओव्हन संध्याकाळी मंद आणि मध्यरात्री नीट चालत असेल, किंवा पाण्याचा गीझर चालू असतानाच रेंगाळत असेल, तर दोष ओव्हनमध्ये शोधू नका. अमेरिकेत २४० व्होल्टसाठी बनवलेले ओव्हन काही मोठ्या इमारतींत २०८ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात, तिथे पाव शक्ती कायमचीच कमी असते.

सैल जोडणी हा प्रकार मात्र वेगळ्या कारणाने गंभीर आहे. एखादा जोड सैल होऊन तिथे एका ओहमचा अडथळा आला, तर ओव्हनच्या वेगात फारसा फरक पडत नाही, पण त्या एका बिंदूवर सुमारे ७० वॅट उष्णता तयार होते. तारा जोडायला धातू वितळवणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ ते ६० वॅटचं असतं. म्हणजे भिंतीतल्या सॉकेटच्या मागे सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं झालं. ओव्हन बंद करून प्लग काढल्यावर त्याच्या पिना चांगल्याच गरम लागल्या, प्लास्टिक पिवळं-काळं पडलेलं दिसलं किंवा जळका वास आला, तर सॉकेट बदलल्याशिवाय ओव्हन पुन्हा लावू नका.

गॅसच्या ओव्हनची गोष्ट

गॅसच्या बऱ्याच ओव्हनांत गॅस पेटवायला ठिणगीऐवजी तापून लाल होणारा इग्नायटर असतो, आणि ओव्हन मंदावला की पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. तो आणि गॅसचा झडप एकाच वाटेत, एकामागे एक जोडलेले असतात. इग्नायटरमधून पुरेशी वीज गेली तरच झडप उघडतो. सिलिकॉन कार्बाइडच्या चपट्या इग्नायटरला साधारण ३.२ ते ३.६ ॲम्पिअर लागतात. वय झालं की त्याचा रोध वाढतो आणि प्रवाह घटतो. तो नारिंगी होतो, निखाऱ्यासारखा दिसतोही, पण झडप उघडण्याएवढा जोर त्याच्यात उरत नाही किंवा खूप उशिरा येतो. 'पेटतोय की, मग इग्नायटर चांगलाच असणार' असं म्हणून लोक चांगले झडप बदलून बसतात. हे मला फार खटकतं, कारण घड्याळ लावलं असतं तर ते टळलं असतं.

ओव्हन चालू करा आणि इग्नायटर लाल व्हायला लागल्यापासून ज्योत पकडेपर्यंतचे सेकंद मोजा. मिनिटभरात ज्योत आली तर ठीक. दीड मिनिटाच्या पुढे जात असेल तर इग्नायटर बदलायची वेळ झाली. हा उशीर फक्त सुरुवातीला होत नाही, ओव्हन तापमान राखण्यासाठी जितक्या वेळा पेटतो तितक्या वेळा होतो, आणि सगळे सेकंद मिळून ओव्हन मागे पडतो. ज्योत 'भप्' आवाज करून पेटत असेल, तर आत आधी गॅस साठतोय. तेव्हा वापर थांबवा.

इग्नायटर नसलेल्या ओव्हनमध्ये ज्योतीकडेच बघा. ती निळी, स्थिर आणि बर्नरभर सारखी हवी. काही भोकांतून ज्योतच नसेल तर भोकं चोंदली आहेत. सगळीकडेच बुटकी असेल तर गॅसचा दाब कमी आहे, रेग्युलेटर बिघडला आहे किंवा जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारं भोकाचं तोंड, चुकीचा बसवला आहे. एलपीजीचा जेट बारीक भोकाचा असतो. तोच ठेवून ओव्हन पाइपच्या नैसर्गिक वायूवर जोडला तर ज्योत दुबळी राहते. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे अपुरं ज्वलन, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नसतो. अशा वेळी ओव्हन बंद, खिडक्या उघड्या आणि जाणकार माणसाला बोलावणं. नुसत्या गॅसचा वास आला तर विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका.

दिवा लवकर विझतो, तेव्हा

जुन्या ओव्हनमध्ये थर्मोस्टॅटची एक बारीक नळी आत येते आणि तिच्या टोकाला पेन्सिलीसारखी सळई असते. ती चिमटीत बसवलेली असते. साफसफाई करताना ती चिमटीतून सुटून कॉइलजवळ गेली, तर तिला ओव्हन आहे त्यापेक्षा गरम वाटतो आणि ती कॉइल लवकर बंद करते. परत जागेवर बसवली की झालं.

नव्या ओव्हनांत तिथे सेन्सर असतो, पुष्कळदा प्लॅटिनमचा. त्यातला एक नेहमीचा प्रकार शून्य अंशाला १००० ओहम दाखवतो, २५ अंशांना सुमारे ११०० आणि १८० अंशांना सुमारे १६८५. ओव्हन या ओहमवरूनच तापमान ओळखतो. त्यामुळे सेन्सरची जोडणी गंजून १०० ओहम वाढले, तर ओव्हनला सुमारे २७ अंश जास्त गरम झाल्याचा भास होतो आणि तो तेवढा अलीकडेच थांबतो. फरक थोडाच असेल, दहा-वीस अंशांचा, तर आधी पुस्तिकेत तापमान जुळवण्याची सोय आहे का बघा. अनेक डिजिटल ओव्हनांत ती असते.

दिवा विझतच नसेल आणि कॉइल व वीज ठीक असेल, तर उष्णता गळते का ते कळायला दाराचंही बघून घ्या. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर त्या ठिकाणचं रबर दबलं आहे. चारही बाजूंना करून बघा, कोपऱ्यांत जास्त. रबर ठीक असूनही पट्टी वरच्या बाजूला निसटत असेल तर बिजागरीची स्प्रिंग सैल झाली आहे. उघड्या दारावर जड भांडं टेकवल्याने हे होतं. काच धुवायला काढून परत बसवताना आतली एखादी काच बाहेरच राहून गेली, तरीही गळती वाढते. गळक्या दाराने १५० अंशांपर्यंत फारसा त्रास होत नाही, २२० च्या पुढे तो जाणवतो.

दुरुस्ती झाल्यावर ओव्हन रिकामा ठेवून, खिडकी उघडी ठेवून, २०० अंशांवर अर्धा तास चालवा. नव्या कॉइलवरचं तेल जळून थोडा धूर येतो, तो पहिल्यांदाच येऊ दे. मग ओव्हन थंड झाला की तीच दोन-दोन मिनिटांची नोंद पुन्हा करा आणि तो कागद ओव्हनच्या पुस्तिकेत ठेवून द्या. आमच्या कागदावर आता लिहिलंय: १८० अंश, तेरा मिनिटं.